रिकाम्या सीटचे पैसे कोण भरतो?
बर्फाच्या खोऱ्यातील एका छोट्या विमानतळाचा हिशेब



आपण दुकानाचे भाडे वहीत लिहितो. नोकरांचा पगार, वीज, हमाली, वटाव, व्याज आणि बुडीत उधारी लिहितो. पण गिऱ्हाईक ज्या रस्त्याने आपल्या पायरीपर्यंत येते, त्या रस्त्याचा खर्च आपल्यापैकी फार थोडे लोक लिहितात. कारण सरळ आहे. तो रस्ता आपल्याला फुकट मिळाला आहे, अशी आपली समजूत असते. एस. टी. स्टँड जवळ आहे, रेल्वे स्टेशन जवळ आहे, आठवड्याचा बाजार भरतो, म्हणून माल खपतो. उद्या स्टँड गावाबाहेर गेले किंवा एखादी गाडी थांबायची बंद झाली, की आपण नशिबाला दोष देतो आणि निवेदन घेऊन पुढाऱ्याच्या दारी जातो.

आज आम्ही अशा एका बाजाराची माहिती देणार आहोत, जिथे व्यापाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी हा खर्च वहीत लिहिला, त्यावर मतदान घेतले आणि गिऱ्हाइकाच्या वाटेसाठी स्वतःवर कर बसवून घेतला. हा बाजार अमेरिकेत, आयडाहो राज्यातील डोंगरांत आहे. उदाहरण दूरचे आहे, हिशेब मात्र आपल्याच धंद्यातला आहे.

खोरे आणि त्याचा हंगाम

आयडाहो राज्याच्या मध्यभागी वूड रिव्हर नावाच्या नदीचे खोरे आहे. तेथे एकाच रस्त्यावर तीन लहान गावे लागतात. खाली हेली, वर केचम आणि त्याला लागून सन व्हॅली. २०२० च्या जनगणनेत हेलीची वस्ती सुमारे ९ हजार, केचमची सुमारे साडेतीन हजार आणि सन व्हॅलीची दोन हजारांच्याही आत होती. आपल्याकडे एवढ्या वस्तीला आपण शहर म्हणणार नाही.

या गावांचा मुख्य धंदा बर्फ आहे. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली येण्याच्या खेळाला स्की म्हणतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत लोक या खेळासाठी येतात. उन्हाळ्यात डोंगर चढायला, मासे पकडायला आणि सायकली चालवायला येतात. मधल्या दोन काळांत, म्हणजे बर्फ वितळल्यानंतर आणि नवा बर्फ पडण्यापूर्वी, बाजार थंड असतो. लग्नसराईवर जगणाऱ्या कापडवाल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. चार महिने घाम गाळायचा आणि उरलेल्या महिन्यांत त्यावर दुकान चालवायचे, असा हा व्यवहार आहे.

पण लग्नसराईचे गिऱ्हाईक पंचक्रोशीतून येते. बर्फाचे गिऱ्हाईक शेकडो आणि हजारो मैलांवरून येते. त्याच्याजवळ सुट्टीचे चारपाच दिवस असतात. येण्याजाण्यातच दोन दिवस गेले, तर ते दुसऱ्या डोंगरावर जाते. म्हणून या बाजाराची खरी पायरी दुकानाला नाही, ती विमानतळाला आहे.

रेल्वेने वसवलेला बाजार

या जागेचा इतिहास व्यापाऱ्याने मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. केचम हे आधी चांदी आणि शिशाच्या खाणींचे गाव होते. खाणी मंदावल्यावर तेथे मेंढ्यांचा व्यापार वाढला आणि त्या गावातून रेल्वेने मोठ्या प्रमाणावर मेंढ्या बाहेर जाऊ लागल्या. हिवाळ्यात मात्र तेथे काहीच चालत नसे.

१९३० नंतरच्या महामंदीत युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचे प्रवासी घटले. डबे रिकामे धावू लागले. कंपनीचे प्रमुख अॅव्हरेल हॅरिमन यांनी विचार केला, की लोकांना जायला जागाच नसेल तर ते तिकीट कशाला काढतील? त्यांनी ऑस्ट्रियाचे फेलिक्स शाफगॉच यांना अमेरिकेच्या पश्चिम भागात बर्फाची चांगली जागा शोधायला पाठवले. ते बरेच डोंगर पाहून अखेर केचमला आले आणि त्यांनी ही जागा पसंत केली. डिसेंबर १९३६ मध्ये रेल्वे कंपनीने बांधलेले सन व्हॅली हे विश्रामस्थान सुरू झाले.

येथे कारागीर बंधूंसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लोकांना उताराच्या माथ्यावर कसे न्यायचे, हा प्रश्न होता. कंपनीतील जेम्स करन नावाच्या इंजिनिअरने पूर्वी जहाजावर केळीचे घड चढवण्याची यंत्रणा पाहिलेली होती. फिरत्या दोराला आकडे लावायचे आणि आकड्याला घड टांगायचा, अशी ती रचना होती. करन यांनी आकड्याच्या जागी खुर्ची लावली. जगातील पहिली खुर्चीची लिफ्ट अशी तयार झाली. एका धंद्यातली युक्ती दुसऱ्या धंद्यात नेली, की कधीकधी नवा उद्योग जन्माला येतो.

आता मुद्द्याची गोष्ट लक्षात घ्या. १९३६ साली गाडी ज्याची होती, त्यानेच बाजार वसवला, कारण त्याला आपल्या सीट भरायच्या होत्या. रिकाम्या सीटची चिंता गाडीवाल्याची होती. पुढे काळ बदलला. रेल्वे कंपनीने १९६४ मध्ये हे विश्रामस्थान विकून टाकले. १९७७ मध्ये ते अर्ल होल्डिंग यांच्या कुटुंबाकडे गेले. रेल्वेचे रूळही निघाले आणि त्या वाटेवर आज सायकलचा रस्ता आहे. बाजार राहिला, पण ज्याने गिऱ्हाईक आणण्याचे काम अंगावर घेतले होते तो निघून गेला. तेव्हापासून रिकाम्या सीटची चिंता हळूहळू गावाच्या खांद्यावर आली.

दान मिळालेली जमीन आणि अडचणीची धावपट्टी

विमानतळ हेली गावाला अगदी लागून आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस फ्रीडमन नावाच्या कुटुंबाने ही जमीन गावाला दिली. हे घराणे हेलीतील जुन्या व्यापाऱ्यांपैकी होते. म्हणून आजही त्याचे नाव फ्रीडमन मेमोरियल विमानतळ असे आहे. हेली शहर आणि ब्लेन काउंटी, म्हणजे तेथील जिल्हा, हे दोघे मिळून तो चालवतात.

जमीन मिळाली, पण निसर्गाने अटी घातल्या. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५,३०० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहूनही उंच. उंचीवर हवा विरळ असते. विरळ हवेत विमानाला उचलण्यासाठी जास्त वेग आणि लांब धावपट्टी लागते. येथील धावपट्टी सुमारे ७,५५० फूट लांब आहे आणि उत्तरेकडे डोंगर उभे आहेत. त्यामुळे मोठी विमाने साधारणतः दक्षिणेकडून येऊन उतरतात आणि दक्षिणेकडेच तोंड करून उडतात. एकाच दाराने आत यायचे आणि त्याच दाराने बाहेर पडायचे, असा हा प्रकार आहे. उन्हाळ्याच्या दुपारी हवा आणखी विरळ होते, तेव्हा वजनाचा हिशेब काटेकोरपणे करावा लागतो.

हिवाळ्यात ढग खाली उतरले की अडचण वाढते. डोंगरांमुळे पायलटला बऱ्याच उंचीवरूनच धावपट्टी दिसावी लागते. ती दिसली नाही, तर विमान ट्विन फॉल्स किंवा बॉइसी येथे नेले जाते आणि तेथून प्रवाशांना बसने खोऱ्यात आणले जाते. बॉइसीहून येणे म्हणजे अडीच-तीन तासांचा रस्ता. ज्या दिवशी भरपूर बर्फ पडतो, त्या दिवशी धंद्याला सर्वात चांगला माल मिळतो आणि त्याच दिवशी गिऱ्हाइकाची वाट बंद होते. पावसाळा चांगला झाला म्हणून शेतकरी खूश आणि पूल वाहून गेला म्हणून त्याचा माल बाजारात नाही, असे आपल्याकडे होते, तसेच हे आहे.

गाव आणि धावपट्टी एकमेकांना खेटून असल्याने वाढीला जागा नाही. विमानतळ खोऱ्याच्या दक्षिणेला, मोकळ्या सपाटीवर हलवावा, असा विचार बरीच वर्षे चालला. त्यासाठी पाहणीही सुरू झाली होती. पण खर्च फार आणि त्या माळरानावर सेज ग्राउस नावाच्या रानपक्ष्याची वस्ती, या कारणांनी अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने २०११ मध्ये ती पाहणी थांबवली. मग आहे तीच जागा सुधारायचे ठरले. धावपट्टीभोवती मोकळी सुरक्षित जागा ठेवण्याचा नियम २०१५ अखेर पाळणे कायद्याने भाग होते. त्यासाठी २०१४ आणि २०१५ मध्ये विमानतळावर मोठी कामे झाली.

रिकामी सीट हा सर्वात नाशवंत माल

आता विमान कंपनीच्या बाजूने पाहू. आमच्या कापडाच्या धंद्यात एखादे ठाण या हंगामात खपले नाही, तर कपाटात ठेवता येते. पुढच्या हंगामात थोड्या वटावाने काढता येते. अगदीच नाही तर कटपीस म्हणून विकता येते. भाजीवाल्याला एवढी सवलत नाही, पण तोही संध्याकाळपर्यंत थांबू शकतो. विमानाचे दार बंद झाले, की त्या क्षणी रिकाम्या सीटची किंमत शून्य होते. ती ना कपाटात ठेवता येते, ना उद्या विकता येते. खर्च मात्र विमान भरलेले असो की रिकामे, जवळपास तेवढाच होतो. इंधन, पायलटचा पगार, विमानाचा हप्ता, देखभाल, सर्व द्यावेच लागते.

अमेरिकेत १९७८ पर्यंत कोणती कंपनी कोठे उडेल आणि काय भाडे घेईल, हे सरकारी मंडळ ठरवीत असे. १९७८ च्या कायद्याने हे नियंत्रण उठवले. तेव्हापासून कंपनी आपल्या मर्जीची मालक झाली. जे विमान सत्तर प्रवासी घेऊन सन व्हॅलीला येते, तेच विमान दुसऱ्या मोठ्या शहराकडेही जाऊ शकते. जिथे वर्षभर सीट भरतात, ते गाव सोडून चार महिन्यांच्या हंगामाकडे कंपनीने का यावे? ती व्यापारी आहे. तिला कोणी दोष देऊ नये.

विमानतळालाही आकडा गाठावा लागतो. वर्षाला किमान १० हजार प्रवासी विमानात चढले, तर त्या विमानतळाला केंद्र सरकारच्या सुधारणा निधीतून मोठा वाटा मिळतो. अनेक वर्षे हा वाटा किमान १० लाख डॉलर होता. त्या आकड्याच्या खाली गेलेल्या छोट्या विमानतळासाठी हीच रक्कम दीड लाख डॉलरच्या आसपास असे. फ्रीडमनचे प्रवासी यापेक्षा पुष्कळ अधिक आहेत. पण अशा अनेक लहान विमानतळांवर शेवटचे काहीशे प्रवासी किती मोलाचे ठरतात, हे यावरून कळते.

हमीचा करार

या अडचणीवर तेथील बाजाराने जो उपाय केला, तो आपल्याला आडतीच्या व्यवहाराने समजेल. परगावचा व्यापारी नवीन बाजारात माल पाठवायला कचरतो. तेव्हा स्थानिक आडत्या म्हणतो, "माल पाठवा. खपला तर नफा तुमचा. ठरलेल्या रकमेपेक्षा कमी आला, तर तूट आम्ही भरू." विमान कंपनीशी होणाऱ्या करारात नेमके हेच असते. याला किमान उत्पन्नाची हमी म्हणतात.

समजण्यासाठी आम्ही काही मानलेले आकडे घेतो. हे त्या खोऱ्याचे खरे आकडे नाहीत. समजा, कंपनी हंगामात एका शहरातून १०० फेऱ्या करणार आहे. येण्याजाण्याच्या एका फेरीचा खर्च १२ हजार डॉलर, म्हणजे एकूण १२ लाख. तिकिटांतून साडेदहा लाख आले. दीड लाखाची तूट गावाने भरायची. मात्र करारात वरची मर्यादाही लिहिलेली असते. समजा ती दोन लाख आहे, तर तूट तीन लाख झाली तरी गाव दोनच लाख देणार. आणि तिकिटांतून १२ लाखांच्या वर आले, तर गावाला एक पैसाही द्यावा लागत नाही.

हमी घेणाऱ्याने वरची मर्यादा लिहून घेतली नाही, तर तो व्यवहार व्यापार राहत नाही. आपल्यातले कितीतरी भले लोक दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहून धुळीला मिळाले, ते एवढ्या एका ओळीच्या अभावी. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सन व्हॅलीचा हंगाम मध्येच बंद झाला. अशी आपत्ती सांगून येत नाही.

एक टक्का आणि साठ टक्के

पूर्वी हमीचा बोजा मुख्यतः विश्रामस्थान चालवणारी कंपनी आणि काही व्यापारी वर्गणी काढून उचलत. वर्गणीचे काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. दहा जण देतात, शंभर जण फायदा घेतात, आणि तिसऱ्या वर्षी ते दहा जणही हात आखडतात.

आयडाहोच्या कायद्यात १० हजारांपेक्षा कमी वस्तीच्या पर्यटन गावांना स्थानिक विक्रीकर लावण्याची मुभा आहे, पण त्यासाठी मतदानात ६० टक्के लोकांचा होकार लागतो. २०१२ मध्ये केचम आणि सन व्हॅलीच्या मतदारांनी विमानसेवेसाठी १ टक्का जादा कर मंजूर केला. पुढे हेलीही त्यात आली. पैसा सांभाळायला तिन्ही गावांचे मिळून एक मंडळ नेमले गेले. विमान कंपन्यांशी बोलणी करण्याचे काम फ्लाय सन व्हॅली अलायन्स ही स्थानिक संस्था करते. डिसेंबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची आणि २०१४ मध्ये डेन्व्हरची थेट सेवा सुरू झाली.

यात तीन गोष्टी आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, निम्म्याहून एक मत जास्त एवढ्याने काम भागत नाही, शंभरांतील साठ माणसांची मने वळवावी लागतात. दुसरी, कर कायमचा नव्हता. त्याला पाच वर्षांची मुदत होती आणि २०१७ मध्ये पुन्हा लोकांसमोर जाऊनच तो पुढे चालू ठेवला गेला. तिसरी, पैसा सार्वजनिक असल्यामुळे हिशेब उघड्यावर मांडावा लागतो. ज्याचा हिशेब मागता येतो, तो पैसा लोक कुरकुरत का होईना, देतात.

फायदा झाला की नाही, हे कसे ओळखायचे?

येथे व्यापाऱ्याची खरी परीक्षा आहे. वरच्याच मानलेल्या आकड्यांवर चला. १०० फेऱ्यांतून दर फेरीला ५० पाहुणे आले, म्हणजे ५ हजार पाहुणे. प्रत्येकाने गावात सरासरी १ हजार डॉलर खर्च केला, म्हणजे ५० लाखांची विक्री. त्यावर १ टक्का कर ५० हजार. तूट मात्र दीड लाख. म्हणजे या पाहुण्यांच्या करातून तूट भरत नाही. उरलेले एक लाख बाकीच्या गिऱ्हाइकांनी, म्हणजे मोटारीने आलेल्यांनी आणि गावकऱ्यांनीच भरले. ही गोष्ट लपवू नये.

आता नफ्याकडे पाहा. ५० लाखांच्या विक्रीवर २० टक्के मार्जिन धरले, तर बाजाराच्या हाती १० लाख आले. दीड लाख देऊन १० लाख मिळाले, असे म्हणून आपण खूश होऊ. पण थांबा. हे ५ हजार पाहुणे सगळेच नवीन आहेत काय? विमान नसते, तर त्यांतले काही बॉइसीला उतरून मोटारीने आलेच असते. समजा निम्मे तसेही आले असते. मग विमानाने आणलेले खरे नवीन गिऱ्हाईक अडीच हजार, मार्जिन ५ लाख. व्यवहार अजून फायद्याचा आहे. पण दहांतले नऊ तसेही आले असते, तर नवीन फक्त ५००, मार्जिन १ लाख, आणि दीड लाख खर्चून आपण पन्नास हजार गमावले. हिशेब मांडला तर किमान ७५० पाहुणे नवीन असले, तरच पैसे फिटतात.

आपण दुकानात सेल लावतो, गर्दी होते, आणि गल्ला भरला म्हणून समाधान मानतो. त्या गर्दीत नवे गिऱ्हाईक किती आणि आपलेच जुने गिऱ्हाईक कमी भावात माल घेऊन गेले किती, हे आपण मोजत नाही. फायदा नेहमी नव्या विक्रीवर मोजावा, एकूण विक्रीवर नाही.

जवळचा दरवाजा की रुंद दरवाजा?

बर्फाच्या सगळ्या गावांनी सारखाच मार्ग घेतला नाही. कोलोरॅडो राज्यातील टेल्युराइड गावाने १९८० च्या दशकात गावाजवळच, ९ हजार फुटांहून अधिक उंचीवर, स्वतःचा विमानतळ बांधला. नियमित विमानसेवा मिळालेल्या अमेरिकेतील विमानतळांत तो सर्वात उंच समजला जातो. पण तेथे मोठी विमाने येऊ शकत नाहीत. म्हणून त्या गावाचे बहुतेक पाहुणे सुमारे ६५ मैलांवरच्या मॉन्ट्रोजला उतरतात आणि पुढे रस्त्याने येतात. कॅलिफोर्नियातील मॅमथ या स्कीच्या गावाजवळही विमानतळ आहे. तरी डिसेंबर २०२१ मध्ये तेथील मोठी हंगामी सेवा खालच्या बिशप गावी सुरू झाली, कारण तेथे हवामान कमी अडवते.

म्हणजे दरवाजा दुकानाला चिकटलेला असणे हीच सोय नव्हे. तो दरवाजा भरवशाने उघडतो की नाही, आणि त्यातून एका वेळी किती माणसे येतात, हेही पाहावे लागते. गल्लीतल्या दुकानापेक्षा हमरस्त्यावरचे गोदाम कधीकधी जास्त माल विकते, त्याचे कारण हेच.

पाहुणे आले, पण कारागीर कोठे राहणार?

आता या गोष्टीची दुसरी बाजू. विमाने वाढली, बाजार वाढला, तशी बाहेरच्या श्रीमंतांनी खोऱ्यात घरेही घेतली. दर जुलैत अॅलन अँड कंपनी या वित्तीय संस्थेची परिषद सन व्हॅलीत भरते. १९८३ पासून ही प्रथा आहे. त्या आठवड्यात लहानशा विमानतळावर खासगी विमानांची रांग लागते. त्यांच्या उतरण्याच्या शुल्कातून आणि इंधनातून विमानतळाला उत्पन्न मिळते, हे खरे. पण जिथे असे गिऱ्हाईक येते, तिथे जमिनीचे भावही त्याच गिऱ्हाइकाच्या खिशाप्रमाणे ठरतात.

हॉटेलात खोल्या साफ करणारा, स्वयंपाकी, सुतार, प्लंबर, शाळेचा मास्तर आणि विमानतळावर बर्फ काढणारा माणूस, यांना केचममध्ये भाडे परवडेना. ते हेलीकडे, बेलव्ह्यूकडे आणि त्याहूनही दूर सरकू लागले. दुकानांना माणसे मिळेनात. गिऱ्हाईक पायरीवर उभे आणि माल दाखवायला नोकर नाही, अशी अवस्था आली.

तेव्हा २०२३ मध्ये केचमच्या मतदारांनी त्याच १ टक्क्याची वाटणी केली. अर्धा टक्का विमानासाठी ठेवला आणि अर्धा टक्का स्थानिक काम करणाऱ्यांच्या घरांसाठी दिला. आमच्या मते या साऱ्या कथेतील सर्वात शहाणपणाचा निर्णय हाच आहे. दहाअकरा वर्षे गिऱ्हाईक आणण्यावर खर्च केल्यावर लोकांच्या लक्षात आले, की बाजार गिऱ्हाईक आणि कारागीर या दोन पायांवर उभा असतो. एका पायात सोन्याचा जोडा घातला आणि दुसऱ्यात काटा रुतू दिला, तर चालणे होत नाही. आपल्या यंत्रमागांच्या गावांत, विणकरांच्या आणि शिलाई कामगारांच्या वस्त्यांत हे आपण रोज पाहतो. गिरणीचे सूत आणि मुंबईची ऑर्डर यांची चिंता आपण करतो. मागावर उभा राहणारा माणूस कोणत्या खोलीत झोपतो, याची चिंता किती जण करतात?

आपल्याकडे काय झाले?

हमीचा हा मार्ग भारतातही सरकारने वापरला आहे. २०१६ मध्ये उडान योजना जाहीर झाली. २७ एप्रिल २०१७ रोजी पहिली विमाने निघाली आणि त्यात आपल्या महाराष्ट्रातील नांदेड ते हैदराबाद हा मार्गही होता. योजनेत विमानातील काही सीट स्वस्त ठेवायच्या आणि कंपनीची तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यायची, अशी रचना होती. त्यातील लहान हिस्सा राज्य सरकारांनी द्यायचा होता.

२०२३ मध्ये महालेखापरीक्षकांनी योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा अहवाल दिला. मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्ग सुरू झाले. त्यांतील ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांतील ५४ मार्गच पुढे टिकून होते.

सरकारी मदत वाईट, असा याचा अर्थ आम्ही काढत नाही. फरक एवढाच आहे, की खोऱ्यातील लोकांनी हमीचे पैसे स्वतःच्या गल्ल्यातून दिले, म्हणून सीट का भरत नाही हे ते दर हंगामाला विचारतात. दूरच्या खजिन्यातून आलेल्या पैशाला असे विचारणारा जवळ असेलच असे नाही. मुदत संपते आणि विमानही जाते. मदत घेतली, तर ती संपण्याच्या आधी आपले गिऱ्हाईक तयार झाले पाहिजे. भांडवल उसने मिळते, गिऱ्हाईक उसने मिळत नाही.

अभ्यासासाठी

हा लेख वाचून बाजूला ठेवू नये, अशी आमची विनंती आहे. आपल्या बाजारपेठेच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत, किंवा दुकानात चार भागीदार बसले असता, वही उघडून पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत.

१. आपले गिऱ्हाईक कोणत्या वाटेने येते? शंभरांतील किती बसने, किती रेल्वेने, किती स्वतःच्या गाडीने? आठ दिवस विचारून नोंद करा.

२. ती वाट चालू ठेवण्याचा खर्च आज कोण करतो? त्याने हात काढून घेतला, तर आपण किती दिवस तग धरू?

३. रस्ता, पार्किंग, दिवाबत्ती किंवा जत्रेच्या जाहिरातीसाठी संघटना वर्गणी काढते काय? ती सर्वांकडून विक्रीच्या प्रमाणात येते, की चारच माणसे भरतात? तिचा हिशेब भिंतीवर लागतो काय?

४. मागच्या वर्षी कोणाला हमी दिली असेल, तर तिची वरची मर्यादा आणि मुदत कागदावर आहे काय?

५. मागच्या सेलमध्ये नवीन गिऱ्हाईक किती होते?

६. आपल्याकडे काम करणारा कारागीर दुकानापासून किती दूर राहतो, आणि त्याच्या पगारातील किती रक्कम भाड्यात आणि प्रवासात जाते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना कारागिराला शेजारी बसवावे आणि आकडा त्याच्याकडूनच घ्यावा.